बारीक जाळी आणि परका समुद्र : उथळ सागरी मेघांच्या सदृशीकरणाचे परीक्षण

१

घाटकोपर हे मुंबईच्या पूर्व उपनगरांतील ठिकाण जुहूच्या किनाऱ्यापासून सरळ रेषेत सुमारे 8 ते 9 किमी अंतरावर आहे. पावसाळी वाऱ्याबरोबर समुद्रावरून निघालेला ढग पाव तासाच्या आतबाहेर तेथील टेकड्यांवर येऊन पोचतो. ह्या ढगांपैकी पुष्कळसे ठेंगणे असतात. त्यांचा तळ जमिनीपासून अर्ध्या किलोमीटरच्या आसपास आणि माथा दोन-तीन किलोमीटरच्या आत असतो. रुंदीही क्वचितच एका किलोमीटरहून अधिक भरते. वातावरणविज्ञानात ह्यांना उथळ सागरी मेघ म्हणतात. कडकडाटी वादळाचा दरारा त्यांच्या वाट्याला आलेला नाही आणि सर्वसामान्य माणसाच्या आठवणीतही ते राहत नाहीत. तथापि खालच्या हवेतील बाष्प वर नेऊन उंच मेघांची पूर्वतयारी करणे, समुद्रपृष्ठावर पडणारे ऊन परतविणे आणि प्रसंगी स्वतःच पाऊस देणे ही कामे ते अखंड करीत असतात. भावी तापमानवाढीच्या अंदाजांत जी मोठी अनिश्चितता शिल्लक आहे, तिचा मोठा वाटा ह्याच निम्नस्तरीय सागरी मेघांचा आहे.

अशा मेघांचा अभ्यास संगणकाच्या साहाय्याने करावयाचा तर पहिली अडचण मापाची येते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत विकसित झालेली व 26 मे 2025 रोजी राष्ट्राला अर्पण केलेली ‘भारत फोरकास्ट सिस्टीम’ ही पूर्वानुमान-प्रणाली 6 किमी मापाच्या जाळीवर चालते. पूर्वीच्या 12 किमी जाळीच्या मानाने ही प्रगती निःसंशय मोठी आहे. परंतु 6 किमी जाळीतही जुहू ते घाटकोपर हे सारे अंतर दीड चौकटीत संपते. अर्धा-एक किलोमीटर रुंदीचा मेघ त्या चौकटीत दिसणे शक्यच नाही. त्याचा एकूण परिणाम एखाद्या स्थूल सूत्राने कल्पावा लागतो. उलट 100 मीटरच्या जाळीत तेवढ्याच अंतरात पंचाऐंशीच्या आसपास चौकटी बसतात आणि मेघ स्वतःच्या आकाराने उभा राहतो. ‘लार्ज एडी सिम्युलेशन’ ह्या नावाने जी पद्धती प्रसिद्ध आहे, ती हीच. तिला मराठीत बृहदावर्त-सदृशीकरण म्हणता येईल. हवेतील मोठे आवर्त ती गतिनियमांवरून प्रत्यक्ष गणिताने काढते आणि जाळीच्या मापाहून लहान आवर्तांचा परिणाम तेवढा सूत्राने मानून घेते.

ह्या पद्धतीची थोरवी निर्विवाद आहे. प्रस्तुत परीक्षणाचा प्रश्न निराळा आहे. ह्या सदृशीकरणांनी दिलेली साक्ष अरबी समुद्रावरील मेघांच्या बाबतीत कितपत ग्राह्य धरावी? कारण जे स्थूल सूत्र घाटकोपरच्या आकाशासाठी वापरले जाते, त्याच्या मागे बहुधा अशाच एखाद्या सदृशीकरणाची परीक्षा उभी असते. आणि ती परीक्षा कोणत्या समुद्रावर झाली हे विचारण्याचा प्रघात अद्याप रूढ झालेला नाही.

२

पद्धतीचा इतिहास थोडक्यात पाहणे इष्ट होईल. जेम्स डिअरडॉर्फ ह्यांनी 1970 साली दोन समांतर पृष्ठांमधील प्रक्षुब्ध प्रवाहाचे त्रिमितीय गणित केले, तेव्हा त्यांच्या जाळीत अवघ्या 6,720 चौकटी होत्या. 1976 साली जिल सोमेरिया ह्यांनी हीच पद्धती व्यापारी वाऱ्यांच्या पट्ट्यातील सागरी हवेस लावली. त्यांचे क्षेत्र प्रत्येक बाजूस 2 किमी व जाळी 50 मीटरची होती. एवढ्या लहान पेटीत एका वेळी दोन-चार मेघच मावतात. तरीही समुद्रावरील मेघ त्याच्या अंतर्गत गतीसह संगणकात प्रथमच उभा राहिला, ही गोष्ट लहान नव्हे.

त्यानंतर ह्या शाखेने एक शिस्तीची प्रथा पाडली. प्रत्यक्ष मोहिमेत मोजलेली एखादी वातावरणस्थिती निवडावयाची, ती सर्व संशोधकगटांना सारखी द्यावयाची, आणि प्रत्येकाने आपापल्या प्रतिरूपाने काढलेली उत्तरे शेजारी ठेवून ताडून पाहावयाची. अशा स्थितीला येथे ‘परीक्षा-प्रकरण’ म्हटले आहे. सर्वांत अधिक गिरविलेले प्रकरण बोमेक्सचे होय. 1969 च्या मे ते जुलै महिन्यांत बार्बाडोस बेटाजवळ झालेल्या ह्या मोहिमेतील निरीक्षणांवर आधारलेली तुलना पीअर सीबेस्मा व त्यांच्या सहकाऱ्यांनी 2003 साली प्रसिद्ध केली. तीत दहा प्रतिरूपे होती, क्षेत्र 6.4 किमी लांब व तेवढेच रुंद, आडवी जाळी 100 मीटर आणि उभी 40 मीटर. दहाही उत्तरे एकमेकांच्या बरीच जवळ आली.

ह्या कामाचे एक फळ आवर्जून नमूद केले पाहिजे. मेघ वर चढताना बाजूची कोरडी हवा किती प्रमाणात आत ओढतो, हे पूर्वानुमान-प्रतिरूपांत पूर्वी अंदाजाने ठरविलेले असे. सीबेस्मा व कायपर्स ह्यांनी बोमेक्सच्या स्थितीचे सूक्ष्म सदृशीकरण करून 1995 साली दाखवून दिले की, उथळ मेघांच्या बाबतीत हे प्रमाण रूढ आकड्याच्या जवळपास दहापट आहे. विमानातून हे प्रमाण थेट मोजणे अतिशय कठीण असते. संगणकातील मेघात ते मोजता आले. सूत्रे सुधारली. पद्धतीच्या गुणांचे ह्याहून चांगले उदाहरण शोधावे लागणार नाही.

३

परंतु दहा प्रतिरूपे एकमेकांशी जुळली, एवढ्यावरून ती निसर्गाशी जुळली असे अनुमान काढणे तर्कदुष्ट होय. दहाही जणांना आरंभीची स्थिती सारखी दिली होती. समुद्रातून येणारी उष्णता व बाष्प सारखे दिले होते. वरून खाली येणाऱ्या हवेचा वेगही सारखाच होता. आणि पाऊस मुळात वगळलेला होता. एकाच शिक्षकाने एकच पाठ दहा विद्यार्थ्यांना दिला असता उत्तरे जुळावीत ह्यात नवल नाही. मतैक्य कितपत खरे, हे पाठ बदलल्यावर कळते.

पाठ बदलला तेव्हा काय झाले, ते दोन प्रकरणांवरून दिसते. रिको ही मोहीम नोव्हेंबर 2004 ते जानेवारी 2005 ह्या काळात अँटिग्वा व बार्बुडा बेटांजवळ झाली आणि तिचा मुख्य विषयच उथळ मेघांतील पाऊस हा होता. मार्गरीट फान झान्टेन व सहकाऱ्यांनी 2011 साली बारा प्रतिरूपांची तुलना प्रसिद्ध केली. मेघांची सर्वसाधारण रचना बहुतेकांना साधली. पावसाच्या प्रमाणात मात्र त्यांच्यात मोठी तफावत पडली. ह्याचे कारण गहन आहे. मेघातील जलबिंदू शतांश मिलिमीटरच्या मापाचा असतो आणि जाळीची चौकट 100 मीटरची. ह्या दोहोंत एकास एक कोटी असे प्रमाण आहे. चौकट शंभराऐवजी दहा मीटरची केली, तरी बिंदू तिच्या दहा लक्षांश मापाचाच राहतो. बिंदूंची टक्कर, त्यांचे एकत्र येणे, सरीचा थेंब तयार होणे हे सर्व बारीक जाळीतही सूत्रानेच मानावे लागते. आणि बारा गटांनी बारा परींनी ते मानले होते. तात्पर्य, ज्या ठिकाणी पावसाचा प्रश्न सुरू होतो, त्या ठिकाणी ‘सूक्ष्म’ हे विशेषण आपला अधिकार गमावू लागते.

दुसरे प्रकरण डायकॉम्स-दोन ह्या मोहिमेचे. जुलै 2001 मध्ये कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यापलीकडे रात्रीच्या स्तरराशिमेघांचे जे निरीक्षण झाले, त्यावर ब्योर्न स्टीव्हन्स व सहकाऱ्यांनी 2005 साली तुलना प्रसिद्ध केली. ह्या मेघांच्या माथ्यावर उंचीबरोबर तापमान घटण्याऐवजी एकाएकी वाढते, म्हणजे तापमानाचा व्युत्क्रम असतो. उभी जाळी तेथे 5 मीटर इतकी बारीक ठेवली होती. तरीही अनेक प्रतिरूपांनी माथ्यावरची कोरडी हवा प्रमाणाबाहेर मेघात मिसळू दिली, आणि निरीक्षणात टिकून राहिलेला मेघ संगणकात विरळ होत गेला. लहान आवर्तांसाठी मानलेले मिश्रण माथ्याजवळ कमी केल्यावर उत्तरे सुधारली. येथे दोष जाळीत जेवढा होता, तेवढाच जाळीखालच्या गृहीतकात होता.

पेटीच्या विस्ताराचीही मर्यादा अशीच आहे. 6.4 किमी बाजूच्या क्षेत्रात पन्नास-शंभर किलोमीटर पसरणारे मेघांचे समूह उत्पन्नच होऊ शकत नाहीत. आणि समुद्रावरील मेघ पुष्कळदा अशाच समूहांनी राहतात. संशोधक जाळी बारीक करतो तेव्हा खर्च आवरण्यासाठी पेटी लहान ठेवण्याचा मोह त्याला पडतो. परिणामी एका मापाची चूक दूर होते आणि दुसऱ्या मापाची आत येते.

४

आता भारताच्या समुद्राकडे वळावे. ह्या बाबतीत मुंबईचा वारसा दुर्लक्ष करण्यासारखा नाही. आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेच्या काळात, 1963 साली, कुलाब्याच्या वेधशाळेत आंतरराष्ट्रीय हवामान केंद्र स्थापन झाले. त्याचे संचालक कॉलिन रॅमेज होते आणि केंद्रात आयबीएम 1620 हे गणकयंत्र बसविले होते. त्याच वर्षी वुड्स होल संस्थेच्या अँड्र्यू बंकर ह्यांनी मॉन्सूनच्या काळात अरबी समुद्रावर विमानातून मापने घेतली. ती 1965 साली प्रसिद्ध झाली. त्यांतून दिसलेले चित्र असे की, पश्चिमेकडे, थंड पाण्याच्या बाजूस, तापमानाचा व्युत्क्रम खाली असतो व त्याखालचे मेघ उथळ राहतात; भारताच्या किनाऱ्याकडे येताना हे झाकण उंच होत जाते व हवेचा ओला थर जाड होतो.

हे चित्र बोमेक्सच्या चित्राशी ताडून पाहावे. बार्बाडोसजवळच्या प्रकरणात खालच्या हवेचा वेग सेकंदाला 9 मीटरच्या आसपास असून स्थिती तासन्‌तास जवळजवळ स्थिर राहते. सहा तासांच्या गणितास ती म्हणूनच सोईस्कर ठरते. जुलैतील अरबी समुद्रावर दीड किलोमीटरच्या आसपासच्या उंचीवर सेकंदाला 15 ते 20 मीटर, कधी त्याहूनही अधिक वेगाचा झोत वाहतो. उंचीबरोबर वाऱ्यात पडणारा फरक तीव्र असतो. समुद्रातून होणारे बाष्पीभवन जोराचे असते. हवा पूर्वेकडे सरकत असता खालचे पाणी उष्ण होत जाते. आणि उथळ मेघांच्या डोक्यावर दुसऱ्या, उंच मेघांचे थर पुष्कळदा पसरलेले असतात. स्थिर स्थितीत पारखलेले सूत्र ह्या वाहत्या, बदलत्या स्थितीत चालेलच, असे मानण्यास आधार नाही. ते चालत नाही असेही सिद्ध झालेले नाही. परीक्षा घेतल्यावाचून दोन्ही विधाने सारखीच निराधार राहतात.

हिवाळ्यातील अनुभव ह्या दृष्टीने अधिक बोलका आहे. 1999 च्या जानेवारी ते मार्च महिन्यांत इंडोएक्स मोहीम झाली. भारतीय उपखंडावरून समुद्रावर पसरणारे काजळीयुक्त धुरके तीत मोजले गेले. ‘सागर कन्या’ हे भारतीय संशोधन-जहाजही तीत सहभागी होते. अँड्र्यू अ‍ॅकरमन व सहकाऱ्यांनी 2000 साली सूक्ष्म सदृशीकरणाने असे दाखविले की, काजळी ऊन शोषून मेघांच्या थरातील हवा तापविते आणि त्यामुळे व्यापारी वाऱ्यांच्या पट्ट्यातील राशिमेघांचे दिवसाचे आच्छादन घटते. हा निष्कर्ष पुष्कळ गाजला. पुढे 2004 साली जॉन्सन, शाइन व फॉर्स्टर ह्यांनी त्याच प्रकारच्या पद्धतीने सागरी स्तरराशिमेघांचा विचार केला. काजळी मेघाच्या थरातच असली तर मेघ क्षीण होतो. ती मेघाच्या माथ्यावरच्या हवेत असली तर वरचे झाकण बळकट होऊन मेघ उलट जाड होतो, असे त्यांना आढळले. पदार्थ तोच, पद्धती तीच. परंतु थर किती उंचीवर आहे ह्यावर परिणामाची दिशाच बदलली. ह्या वादाचा निर्णय संगणकात नाही. मुंबईसारख्या शहराचे धुरके जानेवारीत समुद्रावर नेमके कोणत्या उंचीने जाते, हे मोजणाऱ्या उपकरणात तो आहे.

ह्याला अलीकडचा एक पुरावाही आहे. तापमानवाढीत व्यापारी वाऱ्यांचे राशिमेघ वाळून विरळ होतील, अशी भीती काही प्रतिरूपांवरून व्यक्त होत होती. 2020 च्या जानेवारी-फेब्रुवारीत बार्बाडोसजवळ युरेक-फोर-ए ही मोठी मोहीम झाली. विमाने, जहाजे व हवेत सोडलेली असंख्य मापनयंत्रे ह्यांच्या साहाय्याने मेघतळावरील हवेची उचल व मेघांचे प्रमाण ही दोन्ही एकाच वेळी मोजण्यात आली. राफाएला फोगेल व सहकाऱ्यांनी 2022 साली प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षानुसार, उचल वाढल्याने मेघ वाळतात ह्या कल्पनेस मापनांनी दुजोरा दिला नाही. अनेक वर्षे गणितात रेंगाळलेला वाद समुद्रावर जाऊन घेतलेल्या मापनांनी पुढे सरकला.

५

महाराष्ट्रात ह्या प्रकारच्या निरीक्षणाची साधने अगदीच नाहीत असे नव्हे. महाबळेश्वर येथे 2012 पासून उच्चस्थळ मेघभौतिकी प्रयोगशाळा कार्यरत झाली. मांढरदेव येथील रडारांनी व महेन कोंवर आणि सहकाऱ्यांच्या 2014 च्या अभ्यासाने सह्याद्रीच्या वाऱ्याकडील बाजूस उथळ मेघांपासून पडणाऱ्या पावसाचे महत्त्व पुढे आणले. 2009 साली सुरू झालेल्या कायपीक्स मोहिमेने मेघांच्या अंतरंगात विमाने नेली. मुंबईत कुलाब्याच्या रडारला 2022 साली वेरावली येथील रडारची जोड मिळाली. परंतु ह्या यादीचा रोख ध्यानात घ्यावा. तिच्यातील बहुतेक साधने जमिनीवर, डोंगरावर वा पावसावर रोखलेली आहेत. पाऊस न देणाऱ्या अथवा नुकताच देऊ लागलेल्या सागरी मेघाकडून पावसाच्या रडारकडे परतणारा प्रतिध्वनी अतिशय क्षीण असतो. त्यासाठी मिलिमीटर-तरंगांचे रडार व लेसर-मापक लागतात, आणि ते किनाऱ्यावर अथवा जहाजावर असावे लागतात.

म्हणून संशोधनाचा क्रम उलटा करणे आवश्यक आहे. अधिक बारीक जाळी, अधिक मोठा संगणक आणि शेवटी सवड मिळाल्यास निरीक्षण, असा सध्याचा कल दिसतो. त्याऐवजी अरबी समुद्राचे स्वतःचे परीक्षा-प्रकरण प्रथम तयार झाले पाहिजे. मुंबईपासून पश्चिमेस जाणाऱ्या रेषेवर जहाजावरून सोडलेले फुगे, सांताक्रूझचे नेहमीचे उपरिवायु-निरीक्षण आणि किनाऱ्यावरील मेघ-रडार ह्यांच्या आधारे जुलैतील एखाद्या कालखंडाची पुरती नोंद झाली, तर तीवर जगातील कोणत्याही प्रतिरूपाची परीक्षा घेता येईल. ह्या कामाला मोठ्या संगणकाहून कमी खर्च येईल असे नाही. परंतु त्याचे फळ संगणक जुना झाल्यावरही टिकेल. बोमेक्सचे आकडे अर्धशतकाहून अधिक काळ कामी येत आहेत, ते ह्याच कारणाने.

पदव्युत्तर विद्यार्थ्यालाही ह्यात आज करता येण्याजोगे काम आहे. एकाच स्थितीचे एकच अतिसूक्ष्म सदृशीकरण सादर करण्याऐवजी, थोड्या जाड जाळीवर बिंदुवाढीची दोन-तीन सूत्रे, दोन-तीन मापांच्या पेट्या आणि वरून येणाऱ्या हवेचे दोन-तीन वेग घेऊन उत्तरांची व्याप्ती सादर करावी. उत्तर किती हलते हे सांगणारा प्रबंध, न हलणारे एकच उत्तर देणाऱ्या प्रबंधाहून अधिक उपयोगी असतो. सुबक रंगीत मेघचित्र हे पुराव्याच्या जागी ठेवण्याची सवय विभागातील चर्चासत्रांनीच मोडली पाहिजे.

शेवटी उपयोगाविषयी अतिशयोक्ती टाळणे अगत्याचे आहे. 26 जुलै 2005 च्या अतिवृष्टीत सांताक्रूझ येथे 24 तासांत 944 मिमी पाऊस पडला आणि सुमारे पंचवीस किलोमीटरवरील कुलाब्यास 73 मिमी. तो पाऊस उंच मेघांचा होता. उथळ मेघांच्या सदृशीकरणाने त्याचे भाकीत झाले असते, असे कोणी म्हणू नये. 12 जुलै 2000 रोजी घाटकोपरच्या आझाद नगर वस्तीवर टेकडीची दरड कोसळून साठांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. त्या घटनेचा हिशेबही ह्या मेघांच्या माथी मारता येणार नाही. तथापि त्या टेकड्यांच्या उतारांवर राहणाऱ्या माणसाला पावसाळ्यातील प्रत्येक रात्री जे पूर्वानुमान मिळते, त्यातील खालच्या हवेचे बाष्प उथळ मेघांच्या सूत्रावाचून ठरत नाही. ते सूत्र ज्या समुद्रावर पारखले गेले, तो त्याचा समुद्र नाही. जाळीची चौकट 6 किलोमीटरवरून 1 किलोमीटरवर आणि पुढे 100 मीटरवर येईल. संगणकाची शक्ती वाढत आहे त्या मानाने तो दिवस दूर नसावा. त्या दिवशी पंचाऐंशी चौकटींत घाटकोपरचे आकाश नीट मांडलेले दिसेल. त्या चौकटींत भरलेले मेघ अरबी समुद्राचे असतील की बार्बाडोसचे, हे मात्र आज समुद्रावर काय मोजले जाते त्यावर अवलंबून राहील.